तुर्गुन अकांच्या विषाणूचा फोटो

अहो, पण काटे आणू कुठून मी? नसतील दिसत त्याला काटे, तर काय घरून शिवून आणू? आमचे साहेब, बोतिर रावशनोविच, रोज सकाळी दारात उभे... "मुहय्यो, फोटो छान आलाय, पण काटे कुठेत?" त्या करोनानं सगळ्यांना लाडावून ठेवलंय! गोल चेंडू, त्याला ऐटदार काटे, शेंबडं पोरही ओळखेल. आणि माझ्या नशिबी हा हिपॅटायटिस सी! तुम्हाला सांगते, एकवीस वर्षं ताश्कंदच्या त्या तळघरात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेय, पाठीचा कणा वाकला, पण असा लबाड दुसरा बघितला नाही. म्हणजे आत काय, तर त्याच्या जनुकांचा एकच धागा. धाग्याभोवती प्रथिनांची डबी, डबीवर तेलकट पापुद्रा, त्या पापुद्र्यात दोन जातींची प्रथिनं खोवलेली. तीच साहेबांना काट्यांसारखी उभी हवीत. राहतात का उभी? छे! हा मेला यकृतातून बाहेर पडतानाच आपलीच चरबी अंगावर पांघरून निघतो. एक लहान, एक मोठा, कुणाचं माप कुणाला नाही. रक्तातला चरबीचा थेंब शेजारी ठेवा... सख्खा भाऊ! तासन् तास शोधावं, आणि बघते तर काय... चरबी!

बरं, साहेबांचं सोडा, त्यांना भिंतीवर लावायला फोटो हवा. खरी गरज तुर्गुन अकांना, आपल्याकडचे तुर्गुनदादा म्हणा. दूर मार्गिलान गावचे रेशीम विणणारे, साठी उलटलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोन वर्षांपूर्वी तपासणीत हे निघालं आणि त्या दिवसापासून घरात ह्यांची बशी वेगळी! सगळं घर एका परातीभोवती बसून ओश खातंय, भात, गाजर, मटण, हसणं-खिदळणं... आणि हे कोपऱ्यात बशी घेऊन. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला दहादा सांगितलं, की बाई, हे रक्तातून जातं, उष्ट्यातून नाही. सानोबार ओपा, म्हणजे त्या बायकोच, म्हणाल्या, "तुम्ही बघितलाय? मग दाखवा, कसा असतो ते." झालं! अका आले माझ्याकडे, टोपी काढून हातात. "पोरी, एक फोटो दे गं. नातवाच्या शेजारी जेवायचंय मला." म्हटलं, देते. फक्त रक्त द्यायला उपाशी पोटी या, म्हणजे जेवणाची चरबी तरी मध्ये लुडबुडणार नाही.

आले. रक्त काढलं, नळी यंत्रात फिरवली, तर वर चरबीचं पांढरंफेक दूध!

"अका, काही खाल्लंत?"

"नाही गं. कडकडीत उपाशी."

"काहीच नाही?"

"फक्त पहाटेचा ओश."

फक्त! इथे ताश्कंदात भाच्याकडे उतरलेले, शेजारी लग्न, पहाटे पाचला कर्णे वाजले आणि मोहल्ल्यातले सगळे पुरुष निघाले जेवायला. "न जाऊन चालेल? लग्नघराचा अपमान! आणि सूर्य उगवायच्या आत खाल्लेलं, ते काय जेवणात धरतात?" आता बोला! मेंढ्याच्या शेपटाच्या चरबीत परतलेला तो ओश, त्यावर मी चार दिवस डोळे फोडले, आणि बघते तर काय... चरबी!

दुसऱ्या खेपेला बजावलं, लग्न असो, मयत असो, तोंड उघडायचं नाही. आले. पुन्हा दूध! "अगं, गाडीत समोरच्या माणसानं रोटी मोडून पुढे केली, त्यावर साय. मोडलेल्या रोटीला नाही म्हणू?" ...नका म्हणू बाबा. चरबी!

दोन महिन्यांनी तिसरी खेप. या वेळी खरोखर उपाशी, भिंतीला धरून उभे, आणि रक्तातलं पाणी कसं, हिरव्या चहासारखं निवळ! इतका आनंद झाला मला! पाच दिवस हलले नाही खुर्चीवरून. विषाणू नाही. चरबीसुद्धा नावाला. सहाव्या दिवशी वरच्या मजल्यावरून कागद आला... "रक्तात विषाणू आढळला नाही."

"अका! विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या तुमच्या?"

"हो की, मागच्या खेपेनंतर लगेच. आता तर संपतही आल्या."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू फक्त जेवणाचं विचारायचीस."

हसू की रडू? दोन्ही केलं. माणूस बरा झाला हो, आणखी काय हवं? पण अका अडून बसले, कागद वाचून ओपांना पटणार नाही, फोटोच हवा. शेवटी पहिल्याच खेपेतला काढला, एका गोल ठिपक्याला बाण लावला, खाली लिहिलं, "बहुधा हा."

परवा अकांचा फोन. आवाज पडलेला. म्हटलं, "ओपांनी परातीशी घेतलं नाही का?"

"घेतलं की. चष्मा लावून फोटो बघितला आणि म्हणाली, 'इश्श, ही तर चरबी! हिला काय भ्यायचं?' त्याच दुपारी नातवाला आणून माझ्या शेजारी बसवलं."

"मग झालं काय?"

"तिच्या मते आजार चरबीचाच, म्हणून त्याच दुपारपासून चरबी बंद. सगळ्या घराची! उकडलेलं गाजर आणि भात. मुलगा बोलत नाही, सून बोलत नाही, नातू तर उठून कोपऱ्यात जाऊन बसला... पोरी, तुझे उपकार आहेतच गं. पण खरं सांगू? कोपऱ्यातल्या बशीत निदान चरबी होती."