सिमेंटात मीठ

मोनाली : चाचा, तुमी ओतलेले हे सिमेंटाचे दगड आठ दिवस भिजत पडले. अन् यात एकही भोक नाई.

बाबूभाई : कसं राहीन? चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलं. तुमचं घर मीच बांधलं, तू तेव्हा पाळण्यात होती. दिसलं का एखादं भोक?

मोनाली : घराले नकोच होतं. याले पाह्यजे ना! माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे राह्यतीन कुठी? लपतीन कुठी?

खातून : मी मनत होती यायले. पोरीनं कागदावर लिहून देल्लं, तसं करा. ऐकते कोण?

मोनाली : पांढरं सिमेंट टाकलं?

बाबूभाई : टाकलं.

मोनाली : कोंबडीच्या दाण्याच्या दुकानातून शिंपल्याचा चुरा आणून देल्ला होता मी, तो?

बाबूभाई : तोही टाकला. चाळून टाकला.

मोनाली : अन् खडा मीठ?

खातून : बोला आता.

बाबूभाई : तू चूप राय.

खातून : मीठ डब्यात आहे, बाई. तीन किलो आणलं होतं, तीन किलोच आहे.

मोनाली : चाचा!

बाबूभाई : बेटा, सिमेंटात मीठ टाकायचं मंजे काय, समजते का तुले? लोकायच्या भिंतीवर फुटलेला खारा लोणा खरवडण्यात जिंदगी गेली माझी. मीठ लागलं का भिंत गेली. दोनदा मूठ भरून घेतली मी. हातच नाई झाला.

मोनाली : पण मीठ पाण्यात विरघळते न जागा रिकामी सोडते. ती रिकामी जागाच पाह्यजे आपल्याले.

बाबूभाई : त मग समुद्रातलाच दगड आण ना.

मोनाली : तो काढायले बंदी आहे. अन् तिथल्या माशायचं घर मोडून मी आपलं कायले सजवू?

बाबूभाई : चंद्रपुरात समुद्र! मे महिन्यात आमची पाण्याची टाकी चहासारखी तापते.

मोनाली : पंखे लावीन, कूलरच्या खोलीत ठेवीन, ते माझं मी पाहीन. पण ते नागपूरहून आणलेली जोडी आहे ना, त्यातली लहानी पाइपाच्या तुकड्यामागं दडून बसली आहे. खायलेसुद्धा भायेर येत नाई. अशीच राह्यली त मरन ते.

बाबूभाई : दडून बसली?

मोनाली : तेराच दिवस झाले, अर्धी झाली. अन् हे वरून इतकं गुळगुळीत कायनं घोटलं तुमी? थापीनं?

खातून : थापी कुठची? माझा पोळी उलटवायचा सराटा नेला. काल तव्यापाशी बसली न पाह्यते त सराट्यावर सिमेंट!

मोनाली : घरात थापी असून सराटा?

खातून : थापी माळ्यावर आहे, फडक्यात बांधून. वर्ष झालं. आमच्या मोरीचा कठडा फुटला, पाणी सैपाकखोलीत येते, तरी ते थापी खाली नाई उतरली.

बाबूभाई : दुसरा मिस्त्री बोलाव मनलं होतं ना मी तुले.

खातून : मिस्त्रीच्या घरात दुसरा मिस्त्री? पाय त ठेवू दे त्याले!

मोनाली : चाचा, काय झालं होतं?

बाबूभाई : काही नाई.

खातून : सांगा. घरचीच पोरगी आहे.

बाबूभाई : हा हात पाह्य. असा हालते. कुरखेड्याले एका घराचं प्लास्टर घेतलं होतं. ओळंबा लावला, सगळं केलं, तरी भिंत उंचसखल आली. मालकानं माझ्यासमोर दुसरा मिस्त्री आणला न सगळी भिंत खरवडली. मी खाली उभा राहून पाह्यत राह्यलो, बेटा. घरी आलो, थापी धुतली न हिच्या हातात देल्ली.

मोनाली : मले माहीत नव्हतं.

बाबूभाई : हात हालते, हे त माहीत होतं ना? मनून आली का तू? म्हाताऱ्याले काहीतरी काम देऊ मनून?

मोनाली : खोटं नाई बोलत. थोडं ते पण होतं. तुमाले असं ओट्यावर बसलेलं पाह्यलं का मले कसंतरी होते. पण आधी मी माझ्या हातानं करून पाह्यले दगड. सगळे विटेसारखे निघाले. माझ्यानं नाई होत, चाचा. खरंच नाई होत.

बाबूभाई : मंजे वाकडं काम पाह्यजे, मनून बाबूभाई.

मोनाली : मनून बाबूभाई. हो.

खातून : आता रुसून बसू नका. खरंच त बोलली पोरगी.

बाबूभाई : परात आण. रेती ओली कर न मधात खड्डा पाड. मी सिमेंट कालवतो. मोनाली, त्यात मीठ तू टाक. मी तिकडं पाह्यतो.

मोनाली : टाकलं.

बाबूभाई : किती?

मोनाली : तुमी तिकडंच पाह्या. आता हातमोजे घाला न सिमेंट खड्ड्यात वरून सोडा, थोडं थोडं.

बाबूभाई : सांडते ना. हात हालून राह्यला.

मोनाली : हालू द्या. पाह्या, कसं थेंबथेंब साचून राह्यलं. मधातून आरपार दिसते.

बाबूभाई : थोडंसं घोटू का वरून?

मोनाली : नाई! चाची, सराटा लपवा.

(दोन महिन्यांनी. मोनालीच्या घरी, खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर.)

बाबूभाई : रोज भिजवलेल्या दगडाचं पाणी बदललं मी. बोटं चोळून पाह्यचो. बुळबुळ लागली का सिमेंटाचा खार अजून बाकी आहे. परवापासून नाई लागली.

मोनाली : माझ्या पाणी तपासायच्या कागदानंही आज तेच सांगतलं. दोन महिने दुसऱ्या टाकीत, पाइपामागंच नळीनं खाऊ घालून जगवली लहानीले. सोडू जोडी या टाकीत?

बाबूभाई : सोड. थांब. दगड पडणार त नाई ना अंगावर?

खातून : तुमी बसवला ना? मग कसा पडन?

मोनाली : सोडली. मोठा फिरून राह्यला. लहानी... ते पाह्या, वास घेतल्यासारखी करते.

बाबूभाई : कुठी गेली? मले दिसत नाई.

मोनाली : तुमच्या दगडात गेली, चाचा. खालच्या भोकातून. हे पाह्या, तोंड काढलं भायेर.

बाबूभाई : खाणं टाक. टाक ना लवकर.

मोनाली : खाल्लं! खाल्लं तिनं!

बाबूभाई : खाल्लं... खातून, पाह्यलं का?

खातून : पाह्यलं. डोळे पुसा.

बाबूभाई : घरी गेल्यावर थापी काढ माळ्यावरची.

मोनाली : पण चाचा, दगडाले थापी नाई लागत.

बाबूभाई : दगडाले नाई. हिच्या मोरीचा कठडा बांधतो. वाकडा झाला त बोलू नको मंग, खातून.

खातून : वर्षभर ते पाणी फडक्यानं पुसून राह्यली मी. बोलली का कधी?