तात्यांच्या कपाटाला कुलूप नको

वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो, रामराम. मी यमुना, खालच्या वस्तीवरच्या किसनाची लेक. चार मान्सांत बोलायची मला सवय न्हाई. पन आज बोलनार हाय.

तात्या जाऊन तेरा दिस झाले. देवळाच्या ओवरीतलं हे पुस्तकांचं कपाट त्यांनीच उभं केलं, त्यांनीच सांभाळलं. आन् आत्ता पाटीलबाबा म्हनले, "कपाट बंद ठेवू. तात्यांचा फोटू लावू, हार घालू. पुस्तकं फाटायची न्हाईत, हरवायची न्हाईत." बाबा, तुमी मोठे. पन माझं जरा ऐका.

चौथीत माझी शाळा सुटली. धाकट्या भावंडांना बघायला घरी कोन न्हवतं. वाचता येत हुतं, पन वाचायला हुतं काय? एक दिस बाजारातनं येताना हितं थांबले. तात्या म्हनले, "काय हवंय गं?" मी कपाटाकडं बोट दावलं. त्यांनीच एक पुस्तक हातात दिलं. म्हनले, "ने. पण परत आणताना एकटी यायचं नाही. पुढचा वाचणारा बरोबर आणायचा."

त्यांचा हा नियम तुमाला ठाऊक हाय. तुमीबी असंच एकमेकांच्या मागनं आलात. पन मी कोनाला हाक मारायची? पुस्तक तीनदा वाचलं, तरी परत न्यायची हिंमत हुईना. शेवटी आयलाच घिऊन गेले. म्हनलं, ही पुढची.

आयला अक्षर येत न्हाई. तात्यांना ते म्हाईत हुतं. मला वाटलं, आता बोलनी बसनार. त्यांनी चष्मा पुसला आन् पुस्तक आयच्या हातात दिलं. "घ्या वहिनी. कसं वाटलं ते सांगायला या."

वाटंनं आय मला म्हनली, "आता वाचून दाव की, भवाने! त्या भल्या मान्साला मी काय सांगू?"

मंग दुपारी ती दाळ निवडायची, मी वाचायची. शेजारच्या सखूमावशी येऊन बसल्या. त्यांची सून आली. आता आयचे लेखक ठरल्यात. नावं सांगता येत न्हाईत तिला. म्हनती, "त्यो रडवनारा नगं. त्यो भांडनं लिवनारा आन. त्याच्या सासवा लई खऱ्या आसत्यात."

माझाबी एक लेखक हुता. दर खेपंला त्याचंच पुस्तक मागायची. तात्या हसायचे. "यमे, त्याच्या घरी नांदायला जाणार आहेस का? जरा दुसऱ्यांकडंही डोकाव." डोकावले. पयल्या दोघांवर रागावले, तिसरा आवडला. पुस्तक माझ्या मालकीचं आसतं, तर जल्मभर त्या एकापाशीच बसून ऱ्हायले आसते. परत द्यायचं हुतं, म्हनून दुसरं हाती आलं. म्हनून इतकी मान्सं मला भेटली.

बाबा, पुस्तकं फाटत्यात, व्हय. आमच्या घरी एकावर तेल सांडलं. मी रडत आले. तात्या काय म्हनले? "अगं, कोरं परत आलं असतं, तर मी रडलो असतो."

मंग सांगा, ह्या मान्साची आठवन कुलपात कशी ऱ्हाईल?

तात्या खाटंला लागले, तवापासनं कपाट उघडलं न्हाई. मागं वळून बघा. खांबापाशी बाया उभ्या हायेत ना? नुसत्या रडायला आल्या न्हाईत. एकेकीच्या पदराखाली पुस्तक हाय. कुनी मागाय गेलं न्हाई. आपनहून परत आनल्यात. तरी तुमी म्हनता हरवतील?

आज शुक्रवार. पुस्तकं बदलायचा वार.

आता समदे उभे ऱ्हावा. तात्यांसाठी दोन मिन्टं कोनी बोलू नका. त्यानंतर पाटीलबाबा, किल्ली तुमच्यापाशी हाय, तुमीच कपाट उघडा. मी खाली बसनार न्हाई. हितंच उभी ऱ्हाते.