घंटी वाजेपर्यंत गप

हॅलो? … हो, बोल दिव्यानी. … कुठी असन, रिसॉर्टच्या गेटपाशी. मोहर्लीत टॉवर इथीच मिळते, वॉचमनच्या खुर्चीवर. … वॉचमन उभा आहे.

नाई, रागात नाई. … आवाज असाच आहे माहा. … हो, केला योगा. केला म्हणजे, झाला एकदाचा. आता बॅग भरते अन् चंद्रपूरची गाडी पकडते. तुह्या नवऱ्याले सांग, बुकिंग चांगलं होतं, गादी चांगली होती. फक्त बायकोची माय अन् स्वतःची माय, दोघींले एका खोलीत ठेवाची अक्कल कोणाची होती, तेवढं विचार त्याले.

… दोघी बसून ठरवतीन म्हणून? … हो, हो, समजलं वो. तुयं बाळंतपण नागपूरले का गडचिरोलीले, ते ठरवाले. जनावरं जंगलात नेऊन सोडली का आपसांत ठरवते, तसं.

अवं ऐक ना. आधी ऐक. …

सकाळी चहाबी नाई. म्हणे, रिकाम्या पोटी यायचं. हिरवळीवर चटया टाकलेल्या. समोर ती रिना मॅडम, पुण्याची. कपडे इतके घट्ट का दुसऱ्याले श्वास शिकवते अन् स्वतः कुठून घेते, देव जाणे. मांगं कुंपण. कुंपण म्हणजे बांबूच्या काड्या. अन् त्याच्या मांगं? … ताडोबा. आणखी काय राहणार.

म्हणते, डोळे मिटा. मिटले. म्हणते, गुडघ्यावर बसा, कपाळ जमिनीला टेकवा. … बालासन. हो, लहान लेकरासारखं. तुयी सासू सगळ्यात पहिले टेकली. मंग सारी लाइन वाकली. ढुंगणं जंगलाकडं. … मंग काय म्हणू? होतं ते सांगून राह्यली.

मी उभी झाली.

… काऊन म्हणजे? तुह्या आजीसंग मी मोहफुलं वेचाले जावो, तवा एक बाई उभी राहे. साऱ्या वाकल्या का एकीनं वाकाचं नाई. वाकलेलं माणूस वाघाले माणूस वाटत नाई, ढोर वाटते. अन् तोंड चालू ठेवाचं. बोलाचं, खोकलाचं, काहीबी. गप राहाचं नाई. … मी खोकलली. थोडंसंच. … बरं, मोठ्यानं. अन् विचारलं, मांगं पाहाले कोणी आहे का?

तं मॅडम म्हणते, 'काकू, भीती सोडून द्या. श्वासाबरोबर तिला बाहेर जाऊ द्या.' म्हटलं, बाहेर जाऊन कुंपणापाशीच उभी राहीन ते, तिचं काम तिथंच आहे.

… हसू नको. पोट दुखन तुयं.

अन् तुयी सासू. कपाळ मातीत, तरी तोंड मोकळं. म्हणते, 'इंदुताईंना गप्प बसता येत नाही हो मॅडम. तोच तर प्रश्न आहे. सून आमची नाजूक, आणि ह्यांच्या घरी दिवसभर बडबड. बाळंतीण झोपेल कधी अन् लेकरू झोपेल कधी?' … साऱ्या बायांसमोर. ओळख ना पाळख, त्या बायाबी मुंडकं वर करून मले पाहून राह्यल्या. जशी मी लेकरू उठवाले थाळीच वाजवत आली.

म्हटलं, कमळाबाई, पहिलं बाळंतपण माहेरी होते. रीत आहे. तं म्हणते, 'रीत राहू द्या. मॅडमची घंटी वाजेपर्यंत एक शब्द बोलू नका. नाही बोललात तर दिव्यानीला मी स्वतः गडचिरोलीला आणून सोडते. बोललात तर नागपूर.'

… हो म्हटलं. मंग मांगं हटू का? … तुले कशाले विचारू, तू झोपली होती. … पैज नाई वो. … हो, तशीच होती, पण पैज नाई म्हणाचं. पोटातल्या लेकरावर कोणी पैज लावते का?

बरं, बरं. … ऐकून तं घे पुढचं.

मंग मॅडमनं जोड्या लावल्या. पाठीला पाठ लावून बसा म्हणे, दोघींचा श्वास एक होऊ द्या. माह्या पाठीले कोण? … तेच. मी जंगलाकडं तोंड करून बसली, तेवढं मी सोडलं नाई. तिचं तोंड स्विमिंग पुलाकडं. श्वास एक कायचा होते, ते भोपळ्याएवढा घेते अन् सोडतच नाई. देणंघेणंबी तसंच आहे तिचं.

अन् मॅडम दूर गेली का मांगून सुरू. तिले कुठी मौन होतं? मौन मलेच. 'तुमच्याकडचं लग्नातलं वरण आठवतं हो. आमचा लोकेश अजून म्हणतो, आंघोळीचं पाणी वाढलं की काय.' … मी गप. 'तुमच्या हातचं तिखट म्हणजे लेकराच्या पोटात आग पडायची.' … गप. 'दिव्यानीला पोळी गोल येत नाही. पण पोरीला काय बोलायचं, जशी माय.' … गप वो. जीभ दाताखाली धरून बसली होती. …

पोळीचं? … ते खोटं आहे असं मी कसं म्हणू, तुयी पोळी मी पाहिली आहे.

अन् मंग गवत हललं.

… कुंपणाच्या पलीकडं. वारा नव्हता. हललं, थांबलं. पुन्हा हललं, जरा जवळ. इकडं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, मॅडमनं घंटी उचलली होती. उचलली होती वो, वाजवाचीच राह्यली होती. मले दिसून राह्यलं होतं सारं. तू आपल्या घरी, खाटेखाली शेगडी, डिंकाचे लाडू, तुह्या बापानं अंगणात बांधलेली दोरी अन् तिच्यावर लंगोट. एवढंसं राह्यलं होतं. अन् माह्या पाठीले तिची पाठ. डोळे मिटलेलेच असतीन तिचे. तोंडबी बंद झालं होतं एकदाचं. मले वाटते डुलकी लागली होती तिले.

… काय करणार? ओरडली.

… 'उठा' म्हणून. अन् एक शिवी. … ते नाई सांगत, पोटात लेकरू ऐकते म्हणतात. ईहीनबाईच्या दंडाले धरलं अन् डायनिंग हॉलपर्यंत ओढत नेलं. पोह्याच्या घमेल्यापाशी जाऊन सोडलं.

… वाघ कायचा. रोही होती, नीलगाय. उभी राहून आम्हाले पाहत होती. तोंडात गवत. पाहिलं, चावलं, गेली आपली. साऱ्या हसल्या. मॅडम म्हणे, काकू, तुम्ही उद्या आराम करा. घंटी मंग वाजली.

… म्हणून म्हणते, हरली मी. जा नागपूरले. मी लाडू पार्सलनं पाठवीन.

… काय? … तुले फोन आला होता? कोणाचा? … कधी? … सासूचा? अवं, मले वाटलं तोंड धुवाले गेली ते. … काय म्हणे? … गडचिरोलीले पाठवते? … पुन्हा म्हण. …

'हरून का होईना ओरडल्या' असं म्हणे? … 'बाळंतिणीजवळ असंच झोप नसलेलं माणूस पाहिजे.' … हे तारीफ आहे का काय आहे, आधी ते सांग.

… अजून काय म्हणे? … कोण येणार? … तुयी सासूबी? … माह्या घरी? … लेकरू मान धरेपर्यंत? … अवं, खोली कुठी आहे माह्याकडं? त्या वरणाचं काय मंग, कोण खाईन ते? … अन् तू हो म्हटलं? … मले न विचारता?

…

हो. … आम्हीबी नाई विचारलं तुले. …

नाई, बरोबर आहे तुयं. … बरोबर आहे म्हटलं ना. कितीदा म्हणू?

थांब, आली. खोलीतल्या पांढऱ्या सपाता घालून फिरून राह्यली, गावातली कुत्री भुंकतीन. … काय वो ईहीनबाई? … फोन? कंपनीवालीचा आहे, लोन पाहिजे का म्हणते. … चपला? कुठी राह्यल्या? … चटईपाशी. … आता जाता? एकट्या? … नाई, जा ना, मी काऊन अडवू.

हॅलो, दिव्यानी? … ठेवते. … भांडाले नाई चालली वो. चपला कुंपणापाशी राह्यल्या तिच्या. उचलाले वाकन ते. … हो, माहीत आहे रोही होती. तरी कोणी उभं तं पाहिजे नं. … ठेव. …

ईहीनबाई, थांबा. अन् गप नका चालू, खोकलत चला.