गडावरचा अळणी पाहुणचार

ऐका. द्वारकाबाईंनी त्या साली नवस बोलला होता. लेक संजीवनी, तिची कूस दोनदा रिकामी झालेली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा द्वारकाबाईंनी कडजाईपुढं पदर पसरला. म्हणाल्या, "आई, माझ्या लेकीला सुखरूप सोडव. अकरा शुक्रवार अळणी खाईन. तुझी कहाणी कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास तोंडात घालणार नाही. आणि अकराव्या शुक्रवारी गडावर मुक्काम करून, शनिवारी सूर्य उगवताना तुझी ओटी भरीन."

कडजाई कुठली? भोरणगडावरची. पार कड्याच्या टोकाला बसलीय ती. आणि गडावर मुक्काम करायचा कुठं? तर तीही सोय झालेली होती. गडाच्या दारापाशी पहारेकऱ्यांच्या पडक्या खोल्या होत्या ना, त्या पायथ्याच्या गावकऱ्यांनी पुन्हा उभ्या केल्या होत्या. हुबेहूब जुन्यासारख्या! पाहुण्यांनी यावं, तीनशे वर्षांमागं राहून बघावं. वीज नाही, पंखा नाही. शेणानं सारवलेली जमीन, कोनाड्यात पणती, पितळी तांब्या, चुलीवरची भाकरी, पांघरायला घोंगडी. जावयांनी मोबाइलवर फोटो दाखवले. म्हणाले, "आई, लांबलांबून लोक येतात हो, घोंगडीवर झोपायला!"

"अगं बया," द्वारकाबाई म्हणाल्या, "मग मला बघायलाही येतील की! मी जन्मभर तेच करतेय."

पण मनातून हरखल्या बरं का. फोटो पुन्हा पुन्हा बघितले.

तिथलं सगळं शेवंता नावाची बाई बघायची. तिचा फोन आला. "मावशी, उजेडात या. अंधार पडलाच तर तळ्याच्या अंगानं या. अंबरखान्याच्या वाटेनं येऊ नका." अंबरखाना म्हणजे गडावरचं धान्याचं कोठार. आता नुसत्या भिंती उरल्यात.

आता बघा, अकराव्या शुक्रवारी निघायचं होतं दुपारी. जावई लेकीपाशी थांबले, सातवा महिना तिचा. द्वारकाबाई एकट्याच निघाल्या. जीप घाटात पंक्चर झाली. एकदा नाही, दोनदा! पायथ्याशी उतरल्या तेव्हा दिवस बुडाला होता. गावातली माणसं म्हणाली, सकाळी जा. पण सकाळी कसं? मुक्काम गडावर बोलला होता ना! घेतली पिशवी, घेतलं देवीचं नाव, लागल्या पायऱ्या चढायला.

चढतायत, चढतायत. अंधार असा की आपला हात आपल्याला दिसेना. वर दोन वाटा फुटल्या. तळ्याची कुठली, अंबरखान्याची कुठली? कळेना. तेवढ्यात डावीकडं दिवा दिसला. लहानसा. हलला. पुढं गेला, थांबला. जणू कुणी म्हणतंय, चला, या.

"शेवंता आली वाटतं न्यायला!" द्वारकाबाईंना बरं वाटलं. गेल्या दिव्यामागं.

नका जाऊ म्हणताय ना तुम्ही? मीही तेच म्हणते. पण त्यांना कोण सांगणार तिथं!

आणि काय सांगू, समोर घर! कौलारू, बसकं, अंगणात सडा. दारात बाई उभी. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू.

"शेवंता का गं तू?"

"या आक्का. कधीची वाट बघतेय."

नाव काही सांगितलं नाही हं तिनं.

द्वारकाबाई आत गेल्या आणि बघतच राहिल्या. जमीन अशी सारवलेली की बोटं उमटलेली दिसावीत. भिंतीला लाकडी खुंट्या, खुंटीला ढाल. पितळेची भांडी लखलखताहेत. फोटोत नव्हतं हो इतकं! दारातून वारा भणाणत होता, पण पणतीची ज्योत हलत नव्हती. त्यांनी बघितलं ते. पण मनात काय आलं? वा, काय युक्ती केलीय या लोकांनी!

चुलीपाशी गेल्या. जाळ होता, पण ऊब नव्हती. मनात काय आलं? वा, धूरसुद्धा होऊ देत नाहीत पाहुण्यांना!

हसू नका. तुम्हीही तेच म्हटलं असतं. दुसरीकडं कुठं असं घर दिसतं तर माणूस उलट्या पावली पळालं असतं. इथं तर जुनं दिसावं म्हणूनच सगळं केलेलं. खरं जुनं कुठलं आणि केलेलं कुठलं, ओळखायचं कसं?

ओळखायची एक खूण असते. सगळ्यांना ठाऊक आहे. मेल्या माणसाचं रांधलेलं अळणी असतं. ते तोंडाला लागलं की ताट सारायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. एक घास गिळला की संपलं! माणूस तिथलंच होतं, पुन्हा माणसांत येत नाही.

आणि द्वारकाबाईंचं तर व्रतच अळणी!

"बाई," त्या म्हणाल्या, "मला मीठ चालत नाही हो. शुक्रवार आहे."

ती हसली. "आमच्यात सगळं अळणीच असतं आक्का. वेढ्यात मीठ संपलं, ते पुन्हा आलंच नाही."

वा! बोलणंसुद्धा जुन्या थाटाचं! द्वारकाबाईंनी मनोमन हात जोडले त्या गावकऱ्यांना.

ताट आलं. पांढरीशुभ्र भाकरी, आमटी, दुधाची वाटी. दिवसभराचा उपास. भाकरी मोडली. आमटीत बुडवली. घास उचलला. तोंडापाशी नेला... ओठाला लागला...

आणि हात थांबला. कहाणी राहिली की!

घास ताटात ठेवला. पिशवीतून अक्षता काढल्या. "बस गं बाई समोर. आधी कहाणी ऐक, मग जेवते."

ती बाई चुलीपासून वळली. हळूच म्हणाली, "कहाणी? मला सांगणार?" आणि डोक्यावर पदर घेऊन बसली. मांडी घालून, नीट.

द्वारकाबाईंनी तिच्या ओंजळीत अक्षता घातल्या.

टप. टप. टप.

खाली! ओंजळ घट्ट मिटलेली, आणि तांदूळ सगळे खाली जमिनीवर! तिनं पुन्हा उचलले. पुन्हा खाली. हातातून आरपार!

द्वारकाबाईंनी हात मागं घेतला. कळलं. सगळं कळलं. ज्योत कळली, जाळ कळला, वेढा कळला. दाराकडं बघितलं, तर दार कुठाय? भिंतच होती तिथं.

समोरची हसत नव्हती आता. म्हणाली, "कळलं ना? मग जेवून घे आक्का. किती जणी आल्या, ताट सारून गेल्या, एक राहत नाही माझ्यापाशी."

द्वारकाबाईंच्या डोळ्यांपुढं लेक आली. सातवा महिना. आपण गेलो तर तिचं बाळंतपण कोण करणार? त्यांनी सुरुवात केली, "ऐक कडजाई, तुझी कहाणी. एक होती राणी..."

"हूं," ती बाई म्हणाली.

म्हणाली हो! सवयच ती. तीही नेमाची बाई होती ना, जिवंत होती तेव्हा. आणि तुम्हाला ठाऊक आहे, कहाणी अर्धी टाकून उठायचं नाही. सांगणारीनंही नाही, ऐकणारीनंही नाही. ती उठेना. बसून राहिली. पण माणूस ठेवून घ्यायची भूकही तिचीच होती! जाग्यावरून खेळ सुरू केले.

एक पणती विझली. दुसरी विझली. काळोख. द्वारकाबाई सांगतायत. "हूं."

घोंगडीवरून काहीतरी सरपटत पायावरून गेलं. थंडगार. द्वारकाबाई सांगतायत. "हूं."

मग बाहेरून हाक आली. "आई! आई गं! पोटात दुखतंय, ये की!"

संजीवनीचा आवाज! अगदी तोच! आणि भिंतीत दार उघडलं. बाहेर अंगण, चांदणं. द्वारकाबाई अर्ध्या उठल्या. कुठली आई बसून राहील, सांगा!

पण उठलं की कहाणी मोडली. कहाणी मोडली की ती मोकळी. द्वारकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला, खाली बसल्या आणि रडत रडत पुढं सांगू लागल्या.

कहाणी तरी किती पुरणार? संपत आली. बाहेर अजून काळोख. मग त्यांनी काय केलं? राणीला एक लेक दिली. त्या लेकीचं पहिलं बाळ गेलं, ते सांगितलं. दुसरं गेलं, ते सांगितलं. शिवलेल्या दुपट्यांचं काय केलं, तेही सांगितलं. कुणापाशी बोलल्या नव्हत्या आजवर.

बाहेरची हाक कधी थांबली, त्यांना कळलंही नाही. समोरून "हूं" यायचा, तो हुंदक्यासारखा येऊ लागला.

खालच्या गावात कोंबडा आरवला.

"संपली का गं?" तिनं विचारलं.

"संपली बाई. अक्षता वाहा देवीला."

ती वाकली. तांदूळ वेचले. या खेपेला एक दाणा तिच्या तळहातावर राहिला. खरंच राहिला! बघत बसली त्याच्याकडं. म्हणाली, "वेढा पडला तेव्हा निम्मी ऐकून उठावं लागलं होतं मला."

उजाडलं. घर नाही, चूल नाही, कुणी नाही. द्वारकाबाई अंबरखान्याच्या पडक्या भिंतीत बसलेल्या. आणि जिथं ते दार उघडलं होतं ना, तिथं? तिथं कडा. सरळ तुटलेला. एक पाऊल टाकलं असतं की झालं.

शेवंता बॅटरी घेऊन धावत आली. रात्रभर तळ्याच्या बाजूला शोधत होती बिचारी. "मावशी! वेड्या का खुळ्या! इकडं कुठं मुक्काम केलात?"

"तुझ्यापेक्षा चांगला पाहुणचार झाला गं," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि तिच्या गळ्यात पडून रडल्या. मग उठल्या. सूर्य वर येता येता ओटी भरली. दोन महिन्यांनी संजीवनीला मुलगी झाली. ठणठणीत.

म्हणून सांगते, अंधारात अंबरखान्याच्या वाटेनं जाऊ नका. कुणी दिवा दाखवला, कुणी नावानं हाक मारली, तरी नाही.

पण दिवसा जा. द्वारकाबाई दर साली जातात, भर दुपारी. त्या पडक्या भिंतीत मांडी घालून बसतात आणि मोठ्यानं एक कहाणी सांगतात. पोरीबाळींनो, तुम्हीही जा. भूत झाली तरी तिनं नेम मोडला नाही, एवढं तिचं देणं लागतो आपण. तुम्हाला येईल ती कहाणी सांगा तिला. फक्त पुरती सांगा, आणि ऊन आहे तोवर खाली या.