मागचा आवाज

मेम्फिसच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डेल्फीन थेंब घालून डोळे मिटून बसली होती. रेडिओवर चर्चच्या भजनाच्या चालीवरचं जुनं सोल प्रेमगीत लागलं, तशा शेजारच्या दोन म्हाताऱ्या बोलू लागल्या.

"अगं ओडेसा, हे तुझंच ना?"

"माझं कुठलं? मागे सूर धरणाऱ्या तिघींतली मी एक."

"तेवढ्यासाठी चर्चच्या गायनवृंदातून काढलं तुला!"

"पास्टर म्हणाले, चाल देवाची आणि शब्द प्रियकराचे, हे इथे चालायचं नाही."

"आणि आता रविवारी त्याच चालीवर सगळे टाळ्या पिटतात."

"पिटू देत की."

"ओडेसा... पास्टरना मीच सांगितलं होतं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. रेकॉर्डवर आम्हा तिघींची नावंच नव्हती, व्हर्लीन. नुसत्या आवाजावरून मला ओळखणारं दुसरं होतं कोण?"

"मग साठ वर्षं त्याबद्दल एका शब्दाने बोलली नाहीस?"

"आधी फार राग होता. मग वाट बघत बसले, आणखी कोणी ओळखतंय का."

"आणि?"

"तू एकटीच गं."