जावयाची प्लेट

काटोलच्या बसला उशीर होता, म्हणून रांगेत पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं सुमतीच्या कानावर पडत राहिलं.

"मोठ्या हॉटेलात नेलं म्हणे जावयानं."

"नेलं. मटन कच्चं होतं वं."

"तुमी तं गावच्या लग्नात मटन शिजवता. समजलं नाही तुमाले?"

"पहिल्याच घासाले समजलं. मले वाटलं, मोठ्या हॉटेलात असंच खात असतीन. सारं संपवलं, वरून मस्त आहे म्हटलं."

"अन् जावई?"

"माझ्याकडं पाहून त्याईनंही मुकाट्यानं खाल्लं. मंग वेटर धावत आला, कच्चं आलं, बदलून देतो म्हणे."

"मंग?"

म्हाताऱ्यानं वाकून वहाणेचा पट्टा ओढून घेतला.

"जावई म्हणले, आम्हाले असंच आवडते."