वजन नसलेला दगड

...अहो, पण दगडाचं नाव फेस? आं? दगडाचं! तुम्हाला सांगतो, मी उभी हयात वजनमापं खात्यात काढली, दुकानदारांची वजनं उलटी करकरून बुडं तपासली, मला कोण बनवणार? आणि हा पोरगा, आमच्या मुलीनं पसंत केलेला, त्वचेचा डॉक्टर, पहिल्यांदा घरी येतो तो माझ्यासाठी काय आणतो? टाच घासायचा दगड! अरे, माणूस फुलं आणतो, फळं आणतो... यानं आल्या आल्या भावी सासऱ्याच्या भेगा मोजल्या!

वर आवाज कसा, मधात बुडवलेला, "बाबा, याला इंग्रजीत पमिस म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचं नातं फेसाशी आहे." मी दगड हातात घेतला... डोळ्यांना हा एवढा, आणि हाताला काहीच नाही! म्हटलं, जो दगडातसुद्धा मापात पाप करतो तो संसारात काय करील? मुलीला बाजूला घेऊन बजावलं, "शब्द खोटा निघाला तर लग्न विसर." आमची ही म्हणते, "अहो, जावई बघताय की शब्दकोश?" दोन्ही! दगडाचं नाव फेस, यात काहीतरी आहे!

गेलो वाचनालयात, काढला जाडजूड कोश... तर खरंच फेस! मग दुसरा काढला, कारण तुम्हाला सांगतो, एक साक्षीदार फितूर असू शकतो. तोही तेच! वर म्हणतो, संस्कृतातला 'फेन'ही याच कुळातला. म्हणजे कुळंसुद्धा आधीच जुळवून ठेवलीत! मी ओरडलो, "दगडाचं नाव फेस!" ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काका, हळू." यांना कोणी पढवलं?

राहिलं वजन. घरी येऊन बादली भरली, टाकला दगड... तरंगला! दाबला, पुन्हा वर! म्हटलं, बादली भरलीच आहे तर पाय बुडवू, घासून बघू... आणि काय सांगू, टाच अशी मऊ पडली की मला माझ्याच पायाचा संशय आला!

तेवढ्यात दारात मुलगी. डोळे सुजलेले. "बाबा, नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा."

खरं सांगू? दगडाचं काही नव्हतंच हो... पोर घरातून जाणार, हेच मला सोसत नव्हतं. पण आता तुम्हीच सांगा, दोन्ही पाय बादलीत घालून बसलेला माणूस नकार देऊन जाणार कुठे?